काकू की काकी

स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की काकूंच्या अंगावर काटा यायचा. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स. आधी पेशंट, मग पेशंटचे नातेवाईक, मग वॉर्डातलं मांजर, आणि वेळ उरलाच तर आपण. तो कधी उरला नाही. डोळ्यांवरचा चष्मा आठ वर्षं जुना, त्यातून दिसायचं कमी आणि अंदाज जास्त. पण डॉक्टरकडे निघायच्या दिवशी नेमका कुणाला तरी ताप यायचा आणि काकू तिकडे धावायच्या.

अशा बाईच्या हाती ती चिठ्ठी लागली.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत नाताळाआधी चिठ्ठ्या उचलायची पद्धत होती. पाळकबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, बारीक अक्षरात सगळ्यांची नावं लिहायच्या, तीही लोक हाक मारतात तीच, कारण खरी नावं रजिस्टर उघडल्याशिवाय कुणालाच आठवत नसत. ज्याची चिठ्ठी येईल त्याच्यासाठी डिसेंबरभर रोज एक भलं काम करायचं, तेही गुपचूप. कुणाला सांगायचं नाही आणि चिठ्ठी बदलून मागायची नाही. "देवानं दिली ती घ्यायची," असं पाळकसाहेबांनी बजावलेलं. नावं उघड व्हायची ती थेट नाताळाच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

काकूंनी चिठ्ठी जवळ धरली, मग लांब धरली. वर लिहिलं होतं, काकू.

आता आली का पंचाईत! पण देवानं दिली म्हटल्यावर बोलणार कुणाला? पहिल्या दिवशी त्या दुपारी आडव्या झाल्या आणि चोरी केल्यासारख्या दचकून उठल्या. दुसऱ्या दिवशी चहा गरम असताना प्यायल्या. जीभ भाजली, पण चहा असा लागतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पाचव्या दिवशी स्वतःसाठी फुलं आणली, स्वतःच्या दारात ठेवली, बेल वाजवली आणि जिन्याखाली जाऊन लपल्या. गुपचूप म्हणजे गुपचूप. मग बाहेर येऊन "अगबाई, कुणी ठेवली?" असंही म्हणून झालं.

मधूनच त्यांच्या दारात मोजे, नाहीतर साबणाची वडी दिसायची. आपली चिठ्ठी तर आपल्याकडेच, तेव्हा कुणाचं तरी दार चुकलं असणार, असा हिशेब करून काकू ते सगळं पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांच्या दारात नेऊन ठेवत. मास्तरांना दुप्पट मिळू लागलं आणि चर्चमध्ये त्यांचं आमेन फार मोठ्यानं ऐकू येऊ लागलं.

पण खरी नशीबवान होती ती काकी. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. पोस्टाच्या खिडकीवर नोकरी केलेली, बोलायला मोकळी. दर रविवारी उपासनेनंतर तिच्याभोवती घोळका. "काल फुलं होती. परवा सूप, तेही गरम. कोण आहे देव जाणे, पण मन मोठं आहे हो."

काकू ऐकायच्या आणि जळायच्या. आपल्या नशिबी फक्त आपणच, असं त्यांना वाटायचं.

विसाव्या दिवसापर्यंत काकूंचं स्वतःवरचं सगळं प्रेम करून संपलं. काय करावं सुचेना, तेव्हा नाइलाजानं त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. चोवीस तारखेला सकाळी नवा चष्मा हातात आला. घरी येऊन पाहतात तर फरशी त्यांना वाटत होती तेवढी स्वच्छ नव्हती, आणि आरशातली बाई बरीच म्हातारी होती. मग बायबल उघडलं, तर आत चिठ्ठी.

काकी.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खाली उकार समजत होत्या ती कागदाची घडी होती. क वर चांगली ठसठशीत वेलांटी.

म्हणजे तेवीस दिवस काकीसाठी कुणीच काही केलं नव्हतं. मग फुलं? सूप? उद्या नावं उघड झाली की आपलं काय होईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. आपण त्या बाईवर जळत होतो, हेच त्यांना सोसवेना. घरात हाताला लागलं ते पिशवीत कोंबून त्या तीन मजले चढल्या. गुडघे कुरकुरले, पण विचारतो कोण त्यांना.

काकीनं दार उघडलं. काकूंनी धापा टाकत चिठ्ठी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. आडवं होणं, चहा, जिन्याखाली लपणं, काही वगळलं नाही. काकी जिन्याखालच्या गोष्टीपाशी हसायला लागली ती थांबेचना.

"हसता काय? तेवीस दिवस मी तुमच्या वाट्याचं लाटलंय. आणि ते सूप कुठून आलं?"

"आलंच नाही." काकीनं डोळे पुसले. "सगळे विचारायचे, काकी, आज काय मिळालं? काही नाही म्हटलं असतं तर उद्या भर चर्चमध्ये त्या बिचाऱ्याला खाली मान घालावी लागली असती. म्हटलं, असेल काही अडचण."

काकूंना रडू फुटलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी धावून असलं काही त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"वाईट वाटलं असेल ना?"

"वाटलं की. पहिले आठ दिवस जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडून पाहायचे. मग ते सोडलं आणि प्रार्थना करायला लागले. प्रभू, माझी चिठ्ठी ज्याच्या हातात आहे त्याची अडचण दूर कर. रोज, न चुकता." काकीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "काय होती हो अडचण?"

"डोळे," काकू म्हणाल्या.

"मग झाली की दूर," काकी म्हणाली, आणि त्यांना आत घ्यायला बाजूला सरकली.