मालक आला की उठायचं

साडू दूरच्या गावी असला की गोड वाटतो. संशोधकाचा साडू त्याच्याच रेडिओ प्रयोगशाळेत, नेमका त्याच्या डोक्यावरच्या खोलीत बसत होता.

संशोधकाने उमेदीची वर्षं घालवली ती रेडिओच्या पेट्यांना ऐकायला शिकवण्यात. लहरींचा प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि मालक बहुतेक वेळ गप्प असतो. तेवढ्यात आपल्या पेट्यांनी त्याच्या पट्ट्यावर बोलून घ्यायचं, मालक आला की निमूट उठायचं. ते निमूट उठणं संशोधकाचं. साडूने मागाहून येऊन एवढंच केलं, की एक पेटी उठली तर निरोप दुसऱ्या कुठल्या पेटीकडून पुढे धाडायचा ते ठरवलं. आणि वाहवा साडूची. घरी बायकोसुद्धा धाकट्या बहिणीचा फोन ठेवला की म्हणे, "काहीही म्हणा, भाऊजींना पुढचं दिसतं." तेव्हा संशोधक समोरच बसलेला असे, तो तिला दिसत नसे.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. आज प्रात्यक्षिक पाहून संचालकबाई ती कुणाला द्यायची ते ठरवणार होत्या. तळघरातल्या कॅमेऱ्याचं चित्र खोल्याखोल्यांतल्या पेट्यांमधून उड्या मारत वरच्या सभागृहात न तुटता पोचवायचं, हे साडूचं काम. अगदी शेवटी पट्ट्याचा लुटुपुटीचा मालक, म्हणजे एक ट्रान्समीटर, चालू करायचा, हे संशोधकाचं. तो ट्रान्समीटर त्याच्याच टेबलावर होता.

संशोधकाने तो मध्येच चालू केला. न सांगता, नेमक्या त्याच पट्ट्यावर, पूर्ण जोरात. मत्सराला इतकी कमी मेहनत क्वचितच पडते.

मग तो वरच्या गोंधळाची वाट पाहत बसला. गोंधळ काही होईना. उलट त्याच्या टेबलावरची, वर्तमानपत्राखाली कित्येक महिने झोपलेली पेटी लुकलुकू लागली. पेट्या उठल्या होत्या, त्यानेच शिकवलं होतं तशा, आणि साडूची पद्धत दुसऱ्या पट्ट्यावर सगळ्यात रिकामटेकडी पेटी शोधत निघाली होती. अख्ख्या इमारतीत ती कुणाच्या टेबलावर सापडणार, हे शोधायला खरं तर पद्धतीची गरज नव्हती.

चित्र आता त्याच्या नाकासमोरून वर जात होतं. त्याचा हात पेटीच्या वायरकडे गेला. पण सभागृहातल्या पडद्यावर वाटेतली प्रत्येक खोली दिसत होती. वायर ओढली तर त्याचीच खोली सर्वांसमोर काळी पडली असती. हात तिथेच राहिला.

फोन वाजला. संचालकबाई म्हणाल्या, चमत्कार झाला. मागून साडूचा आवाज आला, भरून आलेला.

"दादा, तुम्ही मालक मुद्दाम मध्ये घातलात ना? माझ्यावर इतका विश्वास माझ्या वडिलांनीही टाकला नव्हता."

"हं," संशोधक म्हणाला. दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.

खुर्ची अर्थातच साडूला मिळाली. पहिल्या दिवशी त्याने संशोधकाला खोलीत बोलावलं आणि स्वतः उभा राहून त्याला त्या खुर्चीत बसवलं. "आधी तुम्ही, दादा. ही तुमचीच." खुर्ची मऊ होती, गोल फिरायची. संशोधक एकदा फिरला. साडू त्याच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा आणखी एकदा फिरला.

दारात साडूची पावलं वाजली. आत यायच्या आधीच संशोधक निमूट उठला होता, कुणी न सांगता, कुठल्याही पेटीपेक्षा लवकर.