बाहुल्या बसवून बघायचा मुढा

मित्रांनो, मुढ्यावर तुम्ही कधी ना कधी बसला असाल. दिल्लीच्या आसपास राहत असाल तर नक्कीच. हिवाळ्यात गच्चीवर ऊन खात शेंगा सोलायला मुढ्यासारखी दुसरी जागा नाही. सरकंडा नावाचं एक उंच गवत असतं, त्याच्या काड्या तिरप्या रचून दोरीने बांधल्या की मुढा तयार होतो. वरखाली रुंद, मधे बारीक, डमरूसारखा. त्याला पाठ नसते, हात नसतात. मीही असाच एक जुना मुढा आहे, पण माझ्यावर तुम्हांला बसता येणार नाही. माझी उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी आहे.

गुरुग्रामच्या पुढे, रस्त्याच्या कडेला शंकर नावाच्या कारागिराचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. एक मोठा मुढा करून उरलेल्या काड्यांतून त्यांनी मला घडवलं आणि पुढच्या बांबूला टांगून ठेवलं. मला बघून गाडीतली मुलं काचेला नाक लावत आणि आईवडिलांना थांबायला भाग पाडत. माझं काम तेवढंच होतं.

एक दिवस अशीच एक गाडी थांबली. मागच्या सीटवरून एक शाळकरी मुलगी आधी उतरली. ती उत्तरा. तिच्या मागोमाग तिची आई अलकनंदाबाई आणि वडील श्यामकांत. अलकनंदाबाईंनी मोठे मुढे दाबून, हलवून पाहिले आणि नेमका माझा सख्खा मोठा भाऊ निवडला, ज्याच्या काड्यांतून मी झालो होतो तो. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"भैया, ये छोटावाला भी दे दो."

"बहनजी, ये बेचने का नहीं है. ये तो हमारा बोर्ड है."

"तो बोर्ड दूसरा बना लेना ना! तुम्हारे लिए क्या मुश्किल है?"

शंकर हसले आणि त्यांनी माझी सुतळी सोडली. असा मी भावासोबत नोएडातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो.

श्यामकांत केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला होते. अलकनंदाबाई बाहुल्या करत. दुकानात मिळतात तशा सगळ्या सारख्या नव्हेत. कुणी आपल्या आजोबांची बाहुली मागत असे, कुणी लग्नातल्या नवरीची, कुणी परदेशी गेलेल्या मुलासाठी स्वतःची. बाहुली वीतभराहून थोडी मोठी असे. आत तारेचा सांगाडा, त्यावर कापूस, वरून कापड, डोकं मातीचं. तिच्याबरोबर तिचं घरही जायचं: पलंग, कपाट, टेबल, समई, सगळं तिच्या मापाचं. त्यासाठी अलकनंदाबाई मेट्रोने कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात जात, सुतारांकडून सागाचे उरलेले तुकडे आणत, आणि कधीकधी त्यांच्याकडूनच इवलासा झोपाळा करून घेत.

"आपल्या घरात माणसांपेक्षा बाहुल्यांना जास्त फर्निचर आहे," श्यामकांत म्हणत. "मला आपली एक खुर्ची, तीही डुगडुगणारी."

"बाहुल्या तक्रार करत नाहीत ना," अलकनंदाबाई म्हणत.

त्यांची कामाची एक रीत होती. बाहुली मागायला येणारे लोक मोबाइलमधले फोटो पुढे करत. अलकनंदाबाई ते फोटो बाजूला ठेवत आणि विचारत, "ते घरात बसतात कशावर?" आधी बैठक, मग चेहरा, असं त्यांचं म्हणणं. बसणं नीट जमलं की माणूस पाठमोरासुद्धा ओळखू येतो.

एकदा एक कुटुंब आपल्या आजोबांची, भाऊसाहेबांची बाहुली मागायला आलं. "सिंहासनासारखी खुर्ची हवी," त्यांचा मुलगा म्हणाला. "थोडं रॉयल वाटलं पाहिजे."

"घरी आहे का तशी खुर्ची?"

"आहे ना! दिवाणखान्यात आहे."

"आणि भाऊसाहेब त्यावर बसतात?"

मुलाशेजारी बसलेली नात खुदकन हसली. "छे! त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात. आजोबा पलंगाच्या कडेवर बसतात, एक पाय पोटाशी घेऊन. आणि आई ओरडते, चादर चुरगळते म्हणून."

अलकनंदाबाईंनी पलंग केला, चादरीला चुण्या पाडल्या आणि एक पाय पोटाशी घेतलेले भाऊसाहेब त्यावर बसवले. घ्यायला आले तेव्हा त्या मुलाने पेटी उघडली आणि बराच वेळ बंदच केली नाही.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात माझं काय काम? मित्रांनो, मी कुठल्याच बाहुलीबरोबर गेलो नाही. मला कुणी मागितलंच नाही. लोकांना सोफा हवा, झोपाळा हवा, आरामखुर्ची हवी. पण प्रत्येक बाहुली घरातून जाण्याआधी माझ्यावर बसली. तार वळवून, कंबर आणि गुडघे दुमडून झाले की अलकनंदाबाई तिला माझ्यावर ठेवत आणि हात काढून घेत. मला पाठ नाही. माझ्यावर कच्ची बाहुली मागे कोलमडते. जी टेकू नसताना बसली ती कुठेही बसेल, असा त्यांचा हिशेब. किती नवऱ्या, किती आजोबा, किती शाळेच्या बाई माझ्यावर थोडा वेळ टेकल्या आणि उठून आपापल्या घरी गेल्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. दुकानाच्या बांबूला लटकत राहण्यापेक्षा हे बरं होतं.

आणि माझा मोठा भाऊ? त्याच्यावर बाल्कनीच्या दाराशी उजेडाला अलकनंदाबाई बसत. पुढे वाकून, कोपर गुडघ्यावर, चष्मा नाकाच्या टोकावर, टाचा किंचित उचललेल्या. टाचा उचललेल्या का, ते मला लवकरच कळलं. त्यांना सारखं उठावं लागे.

"अगं, चहा होईल का?"

"आई, माझं निळं जॅकेट कुठाय?"

दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, कुरिअरवाला. त्या "आले, आले" म्हणत उठत. परत येऊन बसत. सुईत दोरा ओवून होईतो पुन्हा कुणी हाक मारी.

चैत्रात त्या चैत्रगौर बसवत. गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास आणि तिच्यात त्यांच्या बाहुल्या, आपापल्या सोफ्यांवर आणि झोपाळ्यांवर. सेक्टरमधल्या मराठी बायका आंब्याची डाळ खायला, पन्हं प्यायला आणि मुख्य म्हणजे या वर्षी नवीन कोण आलं ते बघायला येत. कुसुमावतीआजी सगळ्यांत आधी. त्या पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आरास तपासतच आत येत. "अलके, या बाईचा पदर उलटा आहे." "आजी, त्या गुजराती आहेत." "अस्सं! मग बरोबर आहे."

मग एका हिवाळ्यात अलकनंदाबाई आजारी पडल्या आणि वसंत येण्याआधी गेल्या. त्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही. त्या दवाखान्यात होत्या आणि मी बिस्किटांच्या डब्यात होतो. दवाखान्यात जाण्यापूर्वी त्यांनी मला काळे मणी, लेस आणि बटणं यांच्यासोबत तिथे ठेवलं होतं. परत आल्यावर लगेच हाताला लागावं म्हणून डबा फळीच्या पुढच्या कडेला ठेवला होता. पुढे कुणीतरी आवराआवर करताना तो मागे ढकलला.

डब्यात अंधार असतो, पण ऐकू सगळं येतं. जे दिसलं नाही, ते मला पुढे बापलेकीच्या बोलण्यातून कळलं. त्या वर्षी आरास झाली नाही. घरात दूरदर्शनच्या बातम्या आणि श्यामकांतांचं पाऊल, एवढेच आवाज. पावसाळा सरल्यावर एके दिवशी उत्तराचा आवाज आला. ती आता गुरुग्रामला नोकरी करत होती आणि शनिवार-रविवारी येत असे.

"बाबा, आईचा मुढा कुठाय?"

"भिजून कुजला होता. कबाडीवाल्याला दिला."

"मला विचारायचं तरी!"

श्यामकांत बाल्कनीच्या दारापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "रोज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की समोर तो रिकामा. तू इथे नसतेस, उत्तरा."

माझा भाऊ गेला, हे मला असं कळलं.

या वर्षी चैत्र जवळ आला तेव्हा उत्तराने ठरवलं की आरास करायची आणि तिच्यात आई बसवायची. लहानपणापासून आईच्या हाताखाली ती सगळं शिकली होती. फक्त एक गोष्ट तिने स्वतःच्या मनाने ठरवली. "आई जन्मभर उठत राहिली," ती वडिलांना म्हणाली. "मी तिला मस्त आरामात बसवणार आहे. मऊ, पाठ टेकून."

श्यामकांतांनी कपाटातून अलकनंदाबाईंची जांभळी माहेश्वरी साडी काढून दिली. "काठाकडून काप," एवढंच म्हणाले आणि कात्री चालेपर्यंत खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.

उत्तराने चेहरा आधी केला. फोटो समोर होते आणि चेहरा हातातून निसटेल अशी तिला भीती वाटत होती. मग फर्निचरची शोधाशोध सुरू झाली. कीर्तिनगरहून मखमली आरामखुर्ची आली. बाहुली तिच्यात रुतली. झोपाळ्यावर बसवली तर पाय लोंबकळले. सोफ्यावर ती ताठ बसली, हात मांडीवर ठेवून. उत्तराने कुसुमावतीआजींना बोलावलं. आजींनी चष्मा पुसला, खाली वाकल्या आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

"चेहरा अलकाचाच आहे गं. अगदी तीच. पण बाई कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी बसलीय."

"म्हणजे कशी, आजी?"

"म्हणजे चहा नको म्हणावं की हो म्हणावं, अशी."

उत्तरा हसली, पण त्या गेल्यावर तिने बाहुली पेटीत ठेवली आणि म्हणाली, "मला नाही जमत, बाबा. आपण या वर्षीही आरास करायला नको."

"तुला वाटेल तसं," श्यामकांत म्हणाले. त्यांनी बातम्या लावल्या आणि लगेच बंद केल्या.

मित्रांनो, आपल्याला बोलता येत नाही याचं मला आयुष्यात एकदाच फार वाईट वाटलं, ते तेव्हा. भाऊ नव्हता, पण मी होतो. एका पत्र्याच्या झाकणाखाली, हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गुरुग्रामला परतण्याआधी उत्तराने पेटी पुन्हा उघडली. आरास नाही तर नाही, पण आई बिनमंगळसूत्राची राहायला नको, असं ती पुटपुटली आणि काळे मणी शोधायला लागली. एकेक डबा निघाला. शेवटी माझा. झाकण उघडलं आणि मला सकाळचा उजेड दिसला.

तिने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. मणी ओवायचे तर बाहुली कुठेतरी टेकवायला हवी होती, म्हणून आईच्या हाताला जी सवय होती ती तिच्याही हाताला आठवली: मला टेबलावर ठेवलं आणि बाहुली माझ्यावर बसवली. हात काढला. बाहुली मागे कलली. पाठ टेकायच्या बेताने वळवलेली तार, ती माझ्यावर कशी टिकणार? उत्तराने तिची कंबर पुढे वाकवली. तोल सांभाळायला कोपरं गुडघ्यांवर आली. मी बुटका, त्यामुळे गुडघे थोडे वर आले आणि टाचा आपोआप उचलल्या गेल्या.

उत्तराच्या हातातले मणी टेबलावर सांडले.

श्यामकांत दोन कप चहा घेऊन आत येत होते. हल्ली चहा तेच करत. ते दारातच थांबले. "अलका," ते म्हणाले. हाक मारल्यासारखं नाही, नुसतंच. मग कप खाली ठेवून जवळ आले, वाकले आणि म्हणाले, "चष्मा जरा खाली घे. नाकाच्या टोकावर. हं, बास."

दोघं पुष्कळ वेळ बघत बसली. चहावर साय आली. उत्तराने बाहुलीच्या एका हातात सुई दिली, दुसऱ्या हातात चिंधीची एक नखाएवढी बाहुली. त्या दिवशी ती गुरुग्रामला गेली नाही. फोन करून तिने रजा घेतली आणि कुसुमावतीआजींना कैऱ्या आणायला सांगितलं.

आरास झाली. बायका आल्या, बाहुलीपुढे वाकल्या आणि नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. आजींनी डाळ चाखत तपासणी केली आणि एकही चूक काढली नाही. जाताना बाहुलीजवळ थांबून म्हणाल्या, "आता घरी आलीस हो."

बायका गेल्यावर आवरताना श्यामकांतांनी विचारलं, "एक मुलगी विचारत होती, तिच्या आजीची बाहुली करशील का म्हणून. करणार आहेस?"

"करीन म्हणते."

"मग तिला बसवून कशावर बघणार? मुढा तर आईने अडवलाय."

ते हसत होते. उत्तराही हसली, पण तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज हळू झाला.

"नवा आणू या, बाबा. त्याच रस्त्याला जाऊ. हिला मात्र आता उठवायचं नाही. चहाला नाही, दारावरच्या घंटेला नाही. कशालाच नाही."

तेव्हापासून मी बाल्कनीच्या दाराशी, काचेच्या कपाटात आहे. जिथे माझा भाऊ असायचा, तिथेच. सकाळचं ऊन आमच्यावर येतं. शेजारच्या टेबलावर उत्तराचं काम चालतं. मऊ खुर्ची मी त्यांना देऊ शकलो नाही. पण घंटा वाजते, कुकरची शिट्टी होते, आणि अलकनंदाबाई उठत नाहीत.

बालमित्रांनो, मला काही मागायचं असेल तर एवढंच. आपली माणसं घरात कुठे बसतात, कशी बसतात, ते एकदा नीट बघा. फोटोत ते येत नाही, कारण फोटो काढताना सगळे सरळ बसतात. आणि तुमची आई कुठे टेकलेली दिसली, तर निळं जॅकेट आपलं आपण शोधा.

माझ्यावर खूप जणी बसून गेल्या. ही एकच बसून राहिली आहे.