एका बाजूनं जळालेलं दार

मी एक जुनं सागवानी दार आहे, मित्रांनो. बाहेरून कोळसा, आतून धडधाकट. रहिमतपुरातल्या सुतारानं मला घडवलं आणि चंद्राबाईच्या घराला बसवलं. घर तिच्याच नावावर होतं. बारा वर्षं मी उघडलं, मिटलं, पावसाळ्यात फुगून कुरकुरलंही. कौतुक व्हायचं ते फक्त दसऱ्याला, तोरण बांधताना. एरवी मला लाथेनंच ढकलत.

१९४३च्या उन्हाळ्यात शेजारची कडब्याची गंजी पेटली. वारा आमच्याच दिशेचा. मी बाहेरून पेटलं आणि चंद्राबाई आत अडकली. शेजारच्या जोतिबानं पहार घालून मला उखडलं, बोळात फेकलं आणि तिला ओढून काढलं. मागं सगळं घर बसलं.

तिचे मालक, म्हणजे नवरा, हंबीरराव पलटणीत होते. लढाईवर जाण्याआधी त्यांनी तिच्या नावानं घराचा आगीचा विमा उतरवला होता, म्हणून तिनं धीर धरला. पण गावानं मायेपोटी एक घोळ घातला. जळकी जागा उघडी ठेवू नये, म्हणून बायकांनी तिसऱ्याच दिवशी राख ओढ्यात टाकली आणि जमीन शेणानं सारवून दिली. दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला, तेव्हा तिथं रांगोळी होती. त्यानं लिहून नेलं, की घरात उसाची चिपाडं भरली होती, आग आतूनच लागली, विम्याची अट मोडली आणि वर पुरावाही पुसला. भरपाई नामंजूर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला भयंकर राग आला.

चंद्राबाईनं साताऱ्याच्या कोर्टात दावा लावला. कंपनीनंही आपली कैफियत दिली.

चंद्राबाईचे वकील म्हणाले, "विमा होता आणि घर जळालं, हे आपण दाखवायचं. अट मोडली, हे कंपनीनं शाबीत करायचं. तरी आपल्या हातात काही असावं. जळकं काही उरलंय का?"

"एक दार हाय. त्येच्यावर मी मिरच्या वाळवतीया."

मिरच्या झटकून मला बैलगाडीत घातलं. कोर्टात पुरावा म्हणून माझ्यावर निशाणीचा आकडा रंगवला. जोतिबानं शपथेवर सांगितलं, "म्या ह्ये उखडलं तवा भायेरची बाजू जळत हुती. आत नुसता धूर हुता." न्यायाधीशांनी मला उलटून पाहिलं. पाडव्याला चंद्राबाईनं आतून लावलेली हळदीची बोटं तशीच होती. आग आतून लागली असती, तर ती उरली असती का?

मग व्हरांड्यात कंपनीचा वकील गोड झाला. "निम्मी भरपाई घ्या बाई. आग तुमच्या चिपाडांनी लागली, एवढं लिहून द्या."

"निम्मी घ्यायला मी निम्मी बी चुकल्याली न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "सगळी द्या, न्हाईतर निकाल हूं द्या."

दीड वर्षानं निकाल लागला. तिच्या बाजूनं, कोर्टखर्चासह.

मित्रांनो, दारं जपा, बिजागऱ्यांना तेल द्या. आणि देव न करो, आग लागलीच, तर सारवायची घाई करू नका. जळकी जागा आधी पंचांना दाखवा.

नवं घर उभं राहिलं. सुतार म्हणाला, कोळसा तासून टाकतो. शेजारणी म्हणाल्या, जळकं दार अशुभ. चंद्राबाईनं मला पुढंच बसवायला लावलं, काळी बाजू रस्त्याकडं करून.

"ज्येला अशुभ वाटतंय," ती म्हणाली, "त्येनं मागल्या दारानं यावं."