खळ्यावर आखलेली शाळा

टेंभवाडीची शाळा चावडीत भरायची, आणि भाद्रपद लागला की ती चावडी उतू जायची. भातं उभी असायची, रानात पोरांच्या हाताला काम नसायचं, म्हणून सगळीच शाळेत. पहिलीची पोरं मांडीला मांडी लावून बसत, दुसरीची त्यांच्या पाठीला टेकून, आणि चौथीतल्या थोराड गड्यांना रज्जाक गुरुजी खिडकीच्या रुंद कट्ट्यावर चढवत. एखाद्याला पाटीवर लांबलचक बेरीज मांडायची झाली तर शेजाऱ्याला आपलं कोपर पोटाशी घ्यावं लागे.

रज्जाक मुलाणी मूळचे कामशेतचे. सातवीची फायनल परीक्षा पास होऊन जिल्ह्याच्या शाळा बोर्डाच्या नोकरीत लागले आणि पवना नदीच्या बाजूला या वाडीत बदलून आले, त्याला आता चौथं वर्ष चाललं होतं. कोंडाजी आबांच्या घराच्या सोप्यात ते आणि त्यांची बायको मदिना राहत. आबा गावचे पाटील. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण हे दुसरं त्यांना कुणी बोलून दाखवलेलं आवडत नसे.

शाळेला स्वतःची इमारत हवी, असं गुरुजी दर वर्षी बोर्डाला लिहीत. दर वर्षी उत्तर यायचं की विचार चालू आहे. त्या वर्षी मात्र नवं उत्तर आलं. इमारत द्यायचं ठरत आहे. किती मुलांची द्यायची हे पाहायला शाळा तपासणारे दिपोटी साहेब स्वतः येऊन मोजमाप घेतील.

गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी पत्र मदिनाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज मध्येच थांबला.

"काय झालं?" मदिनाने विचारलं.

"साहेब मार्गशीर्षात येणार आहेत. भाताच्या झोडणीच्या दिवसांत."

मदिनाच्या लगेच ध्यानात आलं. झोडणीत वाडीतलं हाती-पायी धड असलेलं एकही माणूस खळ्याबाहेर नसतं.

तसंच झालं. भिमाजीराव शितोळे साहेब कामशेत स्टेशनावरून बैलगाडीने आले तेव्हा चावडीत जेमतेम दहा-बारा पोरं होती. त्यातलं एक तापातून उठलेलं, दोघं पाहुणे म्हणून आलेले आणि उरलेली अगदी लहान. खोली ऐसपैस दिसत होती. साहेब मध्यम वयाचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी शिपायाकडून फीत धरून घेतली, लांबी मोजली, रुंदी मोजली, खिडकी मोजली आणि मग पोरांवरून सावकाश नजर फिरवली.

"गुरुजी, तुम्ही तर लिहिलं होतं की मुलांना पाय पसरता येत नाही."

"भाद्रपदात या साहेब. उभं राहायला जागा सापडायची नाही."

"मी आज आलोय." साहेब रागावले नव्हते, हीच खरी अडचण होती. "हे बघा, माझ्यावर विश्वास नाही असं समजू नका. तीन वर्षांमागे एका गावात मी मोठी शाळा मंजूर करून दिली. सरपंचापासून सगळे म्हणाले, पोरं मावणार नाहीत. आज एका वर्गात पोरं आहेत आणि दोन वर्गांत लोकांनी पेंढा भरलाय. वरून मला विचारतात, शितोळे, तुम्ही शाळा बांधली का गंज? मला पटावरची मुलं दाखवा, तेवढ्यांची शाळा देतो. येतील, म्हणाल ती मुलं मला नकोत."

गुरुजींनी मान डोलावली. साहेबांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, असं त्यांना मनातून वाटलं. शिवाय साहेबांना माहीत नसलेली गोष्टही त्यांना टोचत होती. पटावर मुली नव्हत्याच. चार वर्षं ते घरोघर फिरून सांगत होते, आणि घरोघर एकच उत्तर मिळत होतं, "पाटवू की गुरुजी." कुणी नाही म्हणत नसे आणि कुणी पाठवतही नसे. ही सगळी माणसं आपलं मन राखतात आणि विसरून जातात, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

जेवण आबांकडे होतं. वाट खळ्यावरूनच जात होती. सारवलेलं मोठं खळं, कडेला रचलेले भारे, आंबेमोहर भाताचा वास. बायका आणि बापे पेंढ्या उचलून फळीवर आपटत होते आणि पोरं गळालेलं भात गोळा करत, पेंढा ओढत, मध्येच त्यात कोलांट्या घेत होती. गुरुजींची सगळी शाळा तिथे होती.

"ही पाहा साहेब माझी मुलं," गुरुजी म्हणाले.

"दिसतायत. पण इथे कशी मोजू? एकही जागेवर नाही."

आणि गुरुजींना सुचलं. सुचलं तसं ते बोलूनही गेले. "बसवू या ना साहेब. आपली फीत आहेच. बोर्डाच्या ठरलेल्या मापाची जी एक खोली आपण द्याल, ती इथे जमिनीवर आखा. पोरं बसवतो. मावली तर मी पुन्हा अर्ज करणार नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, खळ्याकडे पाहिलं, आणि तिथे आल्यापासून पहिल्यांदा हसले. "राख मिळेल का?"

राखेला काय तोटा! आबांनी हाक मारली तशी चार घरांतून चार टोपल्या आल्या. झोडणी थांबली. झोडणीच्या दिवसात काम थांबवणं आबांना एरवी खपलं नसतं, पण साहेब खाली वाकून फीत ताणतायत आणि गुरुजी राखेची रेघ ओढतायत, हे पाहून ते स्वतःच कोपरा धरून बसले. "दार कुटं?" त्यांनी विचारलं. "दार सोडा की! भितीतनं जायाची का पोरं?"

दार सोडलं गेलं. पोरांना सांगावंच लागलं नाही. ती दारातूनच आत आली, रेघ ओलांडून एकही आलं नाही, आणि चावडीत बसायची तशी इयत्तेप्रमाणे बसली. खोली भरली. थोडी दाटी झाली, पण बसली.

"बसली गुरुजी," साहेब म्हणाले.

"बसली खरी," गुरुजींना मान्य करावं लागलं.

रेघेबाहेर बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढे मुली. जवळजवळ प्रत्येकीच्या कडेवर एक भावंड. त्यातली नंदा सगळ्यांत धीट. आठ-नऊ वर्षांची असेल; कडेवरचा भाऊ तिच्या निम्म्याहून मोठा दिसत होता. तिने रेघेला पायाचा अंगठा लावला आणि विचारलं, "गुर्जी, आमी बसू का?"

"ये की. दारातून ये."

ती आली आणि तिच्यामागून बाकीच्या आल्या. आता मात्र दैना उडाली. नंदा बसली, भाऊ मांडीवर बसेना. तो रांगत पुढच्या रांगेत गेला आणि एकाची टोपी ओढली. आणखी एकीच्या कडेवरच्या बहिणीने भोकाड पसरलं. एका मुलीला पोर सांभाळत मांडी घालायला दोघांची जागा लागली. मुलगे सरकत सरकत राखेच्या भिंतीबाहेर गेले आणि बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

साहेब नंदाजवळ उकिडवे बसले. "काय गं, शाळेत यायचंय तुला?"

"व्हय."

"मग ह्याला घरी ठेवून येशील?"

नंदाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं कसं कळत नाही. "मंग त्येला कोन बगनार? आय रानात असती."

गुरुजी जागच्या जागी उभे राहिले. चार वर्षं त्यांनी बापांना विचारलं होतं, आज्यांना विचारलं होतं, मुलींना कधीच नाही. पाठवू की, म्हणणारी माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या मनात खरंच होतं. फक्त मुलीच्या कडेवर एक पोर होतं आणि ते पोर कुठे ठेवायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना मनातल्या मनात शरम वाटली, पण तेवढंच हलकंही वाटलं. अडचण एकदा दिसली की निम्मी सुटल्यासारखी होते.

"नंदा," त्यांनी विचारलं, "आणि ह्यालाही शाळेत आणलं तर?"

"ह्यो पाटी खाईल," नंदा म्हणाली, आणि सगळं खळं हसलं.

हसण्यात बयाबाई पुढे झाल्या. आबांची थोरली बहीण, पाठीत वाकलेली, झोडणी आता जमत नाही म्हणून दिवसभर कडेला बसून सगळ्यांना सूचना देणारी. "पाटी कशापायी खातोय? भायेर बसंल माज्यापाशी. समदी बसतील. आता तरी मी काय करती? बसूनच असती की. पडवी बांदा, मी बगते पोरास्नी."

साहेब उभे राहिले. धोतराची राख झटकत म्हणाले, "मावशी, रांगती पोरं नियमात बसत नाहीत. बोर्ड शिकणाऱ्या मुलाला जागा देतं, त्याच्या भावाला नाही."

"आन् पडवी? ती तरी हाय का न्हाई तुमच्या नेमात?"

"पडवी आहे. पावसासाठी."

साहेबांनी सह्याद्रीच्या बाजूला नजर टाकली. त्या निळ्या डोंगरांवर आषाढात काय कोसळतं ते साऱ्या पुणे जिल्ह्याला माहीत होतं. "मावळात पाऊस तिरका येतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पुण्याकडची पडवी इथे पुरायची नाही. चांगली रुंद लागेल." आणि त्यांनी शिपायाला फितीचं टोक पुन्हा धरायला लावलं.

राखेची नवी रेघ बरीच लांब पडली. इतकी, की आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. देवळामागची जागा त्यांनीच शाळेला देऊ केली होती, आणि एवढी पडवी त्या जागेत मावत नव्हती.

"आबा, शेजारची पट्टी लागेल," गुरुजी चाचरत म्हणाले.

"तितं मी वांगी लावतो."

"व्हय रं, आन् दर साली किडत्यात," बयाबाई म्हणाल्या.

आबांनी बहिणीकडे रागाने पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग रेघेच्या आत एकमेकांवर लोळणाऱ्या पोरांकडे. "घ्या मंग," ते ओरडलेच जवळजवळ. "आन् आता उटा समदी! भात काय आपल्या पायानं कणगीत जानार हाय?"

मंजुरी फाल्गुनात आली. मुलींना धरून साहेबांनी मागितलेल्या दोन खोल्यांपैकी बोर्डाने एकच दिली होती, पण ती चांगली मोठी, आणि पडवी पूर्ण. गवंडी लोणावळ्याहून आले, दगड गावाने वाहिला. वैशाखात कौलं चढली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजींचे अंदाज काही खरे ठरले, काही चुकले. ज्या घरांवर त्यांची भिस्त होती त्यातली दोन-तीन आलीच नाहीत. उलट ओढ्यापलीकडच्या वस्तीतून, जिथे ते कधी गेलेही नव्हते, चार मुली आपण होऊन आल्या, आणि सोबत त्यांची पाच भावंडं. नंदा पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसली होती.

पडवीत बयाबाईंनी घोंगडी अंथरली होती. पहिले काही दिवस पोरांच्या रडण्याने आतले पाढे चुकायचे. मग उलटं होऊ लागलं. आत बे एके बे सुरू झालं की बाहेरची पोरं हळूहळू पेंगायला लागायची, आणि पंधराच्या पाढ्यापर्यंत सगळी घोंगडीवर आडवी झालेली असायची. बयाबाईसुद्धा. मदिना दुपारी भाकरी घेऊन यायची ती मग तिथेच थांबू लागली. एकट्या म्हाताऱ्या बाईला एवढी पोरं कशी आवरणार, असं ती म्हणायची. पण घरी परतताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसे त्यावरून गुरुजींना कळायचं, की ती आपल्या आवडीने थांबते.

श्रावणात एका दुपारी पाऊस खरोखरच तिरका आला. पडवीच्या कडेचा हातभर भाग भिजला, पोरं आत सरकली आणि कोरड्यातच राहिली. गुरुजी दारात उभे होते. खोलीत मुलं-मुली आपापल्या पाट्यांवर वाकलेली होती, कुणाचं कोपर कुणाला लागत नव्हतं. मागच्या रांगेत अजून चार-पाच जणांची जागा रिकामी होती. ती त्यांनी मुद्दामच ठेवली होती. वरच्या वाडीत जायचं राहिलं होतं. पाऊस उघडला की जायचं, आणि या खेपेला बापाला विचारण्याआधी पोरींना विचारायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"गुर्जी, झालं गणित," नंदाने पाटी वर धरली.

उत्तर चुकलं होतं. गुरुजी तिच्याशेजारी ऐसपैस मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चल, पुन्हा मांडू."