छत्तिसावी फळी

मी सायमा. चंद्रपूरच्या नूरुद्दीन पॉलिशवाल्याची पोरगी. कोनी म्हनते भांडकुदळ हाय, कोनी म्हनते जिभेले हाड नाई. म्हनोत बापडे. माह्या हातची अलमारी पाह्यली का तेच लोकं गप बसतेत.

हे सांगून राह्यली ते दोन हजार चारच्या डिसेंबरातलं. त्याच्या दोन वर्सं आधी अब्बाची नजर गेली होती. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं, आता येनार नाई. पन काम पारखनं काही सुटलं नव्हतं. अब्बा उलट्या हातानं पाहत. तळवा लाखेच्या पॉलिशनं अन् घासपेपरानं बरड झालेला, त्याले काही समजत नाई. हाताच्या मागची चामडी मात्र केसाएवढी रेघ पकडते. लाकडावरून उलटा हात फिरवत अन् काम जमलं असलं त एकच शब्द म्हनत, "काच." चाळीस वर्सांत किती कारागीर आले अन् गेले, हा शब्द फार थोड्यायले भेटला.

दुकानाची चाबी अब्बाच्या सदऱ्याच्या खिशात राहे. ती कोनाले द्याची, यावरून घरात सहा महिने धुसफूस चालली होती. माहा चुलतभाऊ अकरम, त्याले वाटे आपल्यालेच भेटन. पोरगी काय, आज हाय उद्या सासरी. मले वाटे, बारा वर्साची असल्यापासून घासून राह्यली मी, अन् चाबी त्याची? काऊन?

शेवटी अब्बा म्हनले, "एक काम एकटीनं कर. पह्यल्या घासन्यापासून शेवटच्या हातापर्यंत. मी येऊन पाहतो. जमलं त दुकान तुहं, नाई त अकरमचं."

काम होतं मोहर्लीच्या बाजूले, तलावाकाठच्या एका नव्या हॉटेलात. अकरम दात काढून म्हने, "जा, जंगलात जाऊन वाघाले पॉलिश मार." म्हनलं, "वाघाले मारीन, मंग तुह्या थोबाडाले मारीन." अन् थैली उचलून यष्टीत बसली.

हॉटेलच्या पुढं तलावाकडं तोंड करून लाकडाचा मोठा ओटा केला होता. मॅनेजर त्याले डेक म्हने. आलापल्लीचं सागवान, वीस वीस फुटाच्या छत्तीस फळ्या, पायरीपासून कठड्यापर्यंत एकीले एक लावलेल्या, मधात बोटभर फटी. तिथले चौकीदार मुखरूभाऊ पह्यल्याच दिवशी मले इचारते, "बाई, या मचानीवर छप्पर काऊन नाई?"

"पाहुन्यायले उन्हात बसाले आवडते म्हने."

"अरे बाप्पा! आमी सावलीसाठी मरून राह्यलो, अन् हे पैसे देऊन उन्हात बसतेत? बह्याडच हायेत."

छप्पर नाई म्हनजे लाख चालनार नाई, पानी लागलं का लाख पांढरी पडते. तेवढं मले मालूम होतं. म्हनून उकळलेलं जवसाचं तेल घेतलं, त्यात तारपीन, अन् रंगाले थोडा गेरू. एका फुटक्या फळीवर चार पट्टे मारून पाह्यले. तिसरा पट्टा बरोबर मोहाच्या खोडासारखा दिसला. तोच धरला.

अन् घासलं. कसं घासलं म्हनता? ऐंशी नंबरचा घासपेपर, मंग त्याहून बारीक दीडशे, मंग दोनशेवीस, मंग तीनशेवीस. आठ दिवस गुडघ्यावर. मुखरूभाऊची बायको भागीरथाबाई चहा घेऊन आली अन् हात लावून म्हने, "अवं पोरी, हे त माह्या जेवाच्या ताटापेक्षा गुळगुळीत झालं!" माही छाती फुगली. वरून तेलाचे तीन हात दिले, चार दिवस ऊन खाऊ देल्लं. सकाळच्या उन्हात ते लाकूड असं दिसे का माहं मलेच पाह्यत राहावं वाटे.

बुधवारी दुपारच्या गाडीनं अब्बा आले, अकरम हात धरून घेऊन आला. अब्बा पायरीवरच बसले. पह्यल्या फळीवर उलटा हात फिरवला. मंग दुसरीवर. मंग रांगत रांगत पार मधापर्यंत गेले.

"काच," अब्बा म्हनले.

खिशातून चाबी काढली अन् माह्या मुठीत देल्ली. मी रडली. लाजाचं काय त्यात, चांगली हुंदके देऊन रडली. अकरमचं तोंड उतरलं, तो संध्याकाळच्या गाडीनं वापस गेला. अब्बा डेकच्या बाजूलेच मुखरूभाऊच्या घरी थांबले. हॉटेलचं उद्घाटन रविवारी होतं.

गुरुवारी सकाळी दव पडलं होतं. भागीरथाबाई पान्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन डेकवरून निघाली अन् तिसऱ्या पावलाले धप्पकन पडली. गुंड घरंगळत कठड्याले जाऊन आपटला. मी धावली, पन तोंड पह्यले धावलं, "पाहून चाला ना बाई! पाय कुठी ठेवून राह्यल्या?" अन् तिले उठवाले गेली त माहाच पाय सरकला. कठडा धरला म्हनून वाचली.

बाईचं कोपर सोललं होतं. तिले बसवलं, अन् मंग त्या फळ्यांकडं पाह्यलं. पान्याचे थेंब अळवाच्या पानावर राहतेत तसे वरच उभे. तेल आत गेलंच नव्हतं. इतकं बारीक घासलं होतं का लाकडाचं तोंडच बंद झालं, अन् तेलाची कातडी वर बसली. मी अलमारी केली होती. अलमारीवर कोनी चालत नाई!

खरं सांगतो, एक घडी वाटलं, गप राहावं. मॅनेजर खुश, अब्बा खुश, चाबी ओढनीच्या गाठीत. मंग बाईचं कोपर पाह्यलं. माहाच मले असा राग आला का दोन कानाखाली देऊन घ्याव्या वाटलं.

अब्बा मुखरूभाऊच्या अंगनात चहा पिऊन राह्यले होते. मी चाबी त्यांच्या हातावर ठेवली.

"ही राहू द्या तुमच्यापाशी. मी तुमची काच फोडून राह्यली."

"काय करून राह्यली?"

"सगळं खरडून काढतो. बाई पडली. पान्यात पाय टिकत नाई त्याच्यावर."

अब्बाचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्सं झाली. माह्या हातानं काच म्हनलेलं काम आजपर्यंत कोनी मोडलं नाई. तुहा माह्या हातावर भरोसा नाई?"

"हातावर हाय, अब्बा. पन त्याच्यावर लोकं पाय ठेवनार हायेत."

"राहू दे चाबी इथीच अन् जा," अब्बा म्हनले, अन् तोंड भिंतीकडं केलं.

मी गेली. मॅनेजरले म्हनलं, रविवारच्या आत देतो, मधात तोंड घालू नका. बाटली फोडून काचेचे तुकडे घेतले अन् त्यांच्या धारेनं तेलाची कातडी खरडली. अशीच खरडतेत आमच्या धंद्यात जुनी पॉलिश. मंग साठ नंबरचा जाडा घासपेपर, रेघेच्या दिशेनं, अन् बस. त्याच्यापुढं बारीक नंबर हातातच नाई घेतला. भागीरथाबाई कोपराले फडकं बांधून आली, म्हने, "मी पडली म्हनून तुहं काम वाढलं, सरक." म्हनलं, "बाई, तुमी पडल्या म्हनून माहं नाक वाचलं." दोघी भिडलो. जशा फळ्या झाल्या तसा पातळ तेलाचा एकच हात, पाव घंट्यानं चिंध्यांनी पुसून कोरडं. तेलाच्या चिंध्या कुंपनावर एकेक सुट्या वाळत घातल्या, ढीग केला त आपोआप पेटतेत.

अब्बा दोन दिवस अंगनात पाठ करून बसले. घासन्याचा आवाज मात्र आइकत होते, मले ठाव हाय. मधात माहा हात थांबला का त्यांची मान हले.

शनिवारी दुपारी पस्तीस फळ्या झाल्या. पायरीजवळची एक मी मुद्दाम तशीच ठेवली. अब्बाले घेऊन आली. ते खाली वाकले, पलीकडच्या फळीवर उलटा हात लावला.

"किसनी!" अब्बा ओरडले. "किसनी करून ठेवली तू!"

"हात नका लावू. चपला काढा."

"काय म्हनते?"

"चपला काढा म्हनलं!" मी बी बापाचीच पोरगी. बादलीभर पानी घेतलं अन् सगळीकडं ओतलं.

अब्बानं रागारागानं पाय टाकला तो नेमका त्या एका फळीवर. सरकले. मी काखेत धरलं. त्यांचा श्वास जोरानं चालला होता. मंग दुसरा पाय त्याच्या पुढच्या फळीवर ठेवला. दाबून पाह्यला. टाच दाबली, बोटं दाबली. पह्यला पाय उचलून तिथीच आनला. उभे राह्यले.

"सोड," अब्बा म्हनले.

मी सोडलं. नजर गेल्यापासून अब्बा मोकळ्या जागेत कोनाचा हात धरल्याबिगर पाच पावलं चालले नव्हते. आता पायाच्या बोटांनी फट पाहत, ओल्या फळ्यांवरून एकेक पाऊल टाकत निघाले. मुखरूभाऊ पुढं धावनार होते, मी त्यांची बाही धरली. कठड्याले हात लागला तवा अब्बा थांबले. तलावाचं वारं त्यांच्या दाढीत शिरत होतं.

"पस्तीस," ते म्हनले. "सायमा, मी एकटा आलो."

"हो अब्बा," मी म्हनली, अन् मुखरूभाऊची बाही सोडली.

ते तसेच एकटे वापस आले, पायरीवर बसले, हात पुढं केला. "साठ नंबर दे." छत्तिसावी फळी अब्बानं स्वतः घासली. मी पुसली, मी तेल देल्लं. चाबीचं नाव त्यांनी काढलं नाई. मीही नाई काढलं. मनात म्हनलं, नाई देल्ली त नाई देल्ली, काम बरोबर झालं. पन खोटं काऊन बोलू, दुखत होतं.

रविवारी उद्घाटन झालं अन् आमी चंद्रपूरले उतरलो. अकरम दुकानापुढं उभाच होता. सवयीनं त्यानं अब्बापुढं हात पसरला, "चाचा, चाबी."

"माह्यापाशी नाई," अब्बा म्हनले. "मालकिनीच्या थैलीत पाह्य."

मी थैली उघडली. वरच साठ नंबरच्या घासपेपराची घडी होती, अब्बानं त्या फळीले वापरलेली. तिच्यात चाबी होती.

मी चाबी काढली. अकरमले म्हनलं, "सरक बाजूले, शटर उघडू दे."