झडपेच्या मधोमध भोक

मी एक जुनी झडप आहे. मित्रांनो, बॉयलरचा धूर ज्या वाटेने धुराड्याकडे जातो, त्या वाटेत एका आडव्या आसावर मला बसवलं आहे. बाहेरचा दांडा फिरवला की आत मी फिरते. मी उघडले की विस्तव हवा ओढून पेटतो. मिटले की मंदावतो.

माझा जन्म ओतशाळेत...

नको. जन्म सगळ्यांचे सारखेच असतात.

हा बॉयलर चादरी धुण्याच्या कारखान्यातला. तिथे दोघे भाऊ कामाला होते; विस्तव थोरला सांभाळायचा, दुरुस्ती धाकटा करायचा. आत मी किती उघडी आहे ते बाहेरून कळावं, म्हणून थोरल्याने आसाच्या टोकावर कानशीने एक खाच पाडली होती. "दांडा खोटं बोलेल, खाच नाही बोलणार," तो म्हणायचा.

तपासणीचे साहेब येणार होते. धाकट्याने दांडा काढला, सगळीकडे चंदेरी रंग फासला. खाच बुजली. दांडा परत बसवताना थोडा तिरका बसला. धूरवाटेचं दार उघडून आत मी कशी आहे ते त्याने बघायला हवं होतं. पण काजळी उडून ओला रंग खराब झाला असता.

दुसऱ्या दिवशी थोरला म्हणाला, "आज विस्तव नीट पेटत नाही रे."

"विस्तव ठीक आहे, दादा. तूच थंड पडलायस."

"वहिनीला सांगू नकोस म्हणजे झालं."

दोघे हसले.

जेवणाच्या सुट्टीत थोरल्याने नेहमीसारखा विस्तव राखेने दाबला, दांडा पाव उघडा ठेवला आणि बाकावर आडवा झाला.

आत मी पूर्ण मिटलेली होते.

निखाऱ्यांच्या विषारी वायूला ना रंग, ना वास. वर वाट नव्हती, म्हणून तो भट्टीच्या दारातून खोलीत शिरला. मी आसावर घट्ट. मला हलता...

"दादा, ऊठ. चादरी खोळंबल्यात." धाकट्याने तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेत चादरी नव्हत्या. नुसतं दादा.

काही दिवसांनी त्याने मला बाहेर काढलं आणि माझ्या मधोमध मुठीएवढं भोक पाडलं. आता कुणी मला पूर्ण मिटलं, तरी वायूला वाट राहते.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आधीच पाडायला हवं होतं," तो म्हणाला.

मित्रांनो, दांड्यावर विसंबू नका. दार उघडा, आत बघा. रंग पुन्हा देता येतो.

आता विस्तव धाकटाच सांभाळतो. सुट्टीत तो बाहेर पायरीवर बसून डबा खातो. मधेच उठून आत येतो, बाकावर कुणी झोपलेलं नाही ना ते बघतो आणि परत जातो.