वीराची बहीण

गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवून देते म्हणून सगळा रस्ता तिला सीटवाली ताई म्हणायचा. धाकटा भाऊ गेला आणि ती एकदम 'वीराची बहीण' झाली. अनोळखी पोरं तिला पाहून अदबीनं बाजूला व्हायला लागली. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

वीर कसला! घरातला नकलाकार होता तो. बाबांचं खाकरणं, शेजारच्या काकूंचं फोनवर ओरडणं असं हुबेहूब करायचा की हसून हसून पोट दुखावं. कारखान्यात लेथवर कामाला होता. एकदा तिथल्या सुपरवायझरनं त्याच्यावर चोरीचा आळ घेतला आणि फाटकावर सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. चोर दुसराच निघाला. माफी मात्र कुणी मागितली नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तूच काहीतरी केलं असशील. उगाच कोण मारतं?"

त्याच आठवड्यात तो कोपऱ्यावरच्या जिममध्ये जायला लागला. जिम चालवणाऱ्या सरांनी त्याला एवढंच विचारलं, "कुणी हात उचलला तुझ्यावर?" बस. पोरगा ढसाढसा रडला आणि त्यांचाच झाला. सुपरवायझर पलीकडच्या वस्तीतला होता. त्या एका माणसाच्या थपडेचं बिल सरांनी अख्ख्या वस्तीच्या नावावर फाडलं. आधी भावाचे मित्र बदलले, मग भाषा. पलीकडची माणसं त्याच्या तोंडी आधी 'ते' झाली, मग 'कीड'. नकला बंद पडल्या. ताई काही बोलायला गेली की म्हणायचा, "तुला नाही कळायचं."

आणि एका दुपारी त्यानं पलीकडच्या वस्तीतलं कापसाचं गोदाम पेटवलं. आतला म्हातारा पहारेकरी जागीच गेला. भाऊही होरपळला, पण हॉस्पिटलात नेल्यावरही थोडा वेळ शुद्धीवर होता. ताई उशाशी बसली होती.

"ताई, आत माणूस होता गं," तो म्हणाला. "खिडकीतून दिसला मला. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, असू दे, आता मागे फिरू नकोस. आणि मी काडी ओढली."

त्याच रात्री तो गेला. हे तिनं पोलिसांना सांगितलं. त्यांनी जबाब घेतला, पण मेलेल्या माणसाच्या शब्दावर सरांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. पहारेकऱ्याच्या बायकोकडेही गेली ती. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वर्ष झालं तेव्हा सरांनी जिममध्ये सभा ठेवली. वीराच्या वडिलांचा सत्कार होणार होता. बाबा सकाळीच शर्टाला इस्त्री करून बसले.

"बाबा, जाऊ नका."

"मग काय खुन्याचा बाप म्हणून जगू?" त्यांचा आवाज चिरका झाला. "ते वीर म्हणतात. तेवढं तरी राहू दे मला."

तिनं चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाली.

वजनं भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. समोर भावाचा पुरुषभर उंचीचा फोटो. सगळ्या फोटोंतून नेमका न हसणारा फोटो निवडला होता त्यांनी. सरांनी बाबांच्या हातात मानचिन्ह दिलं, टाळ्या झाल्या, मग त्यांनीच माइक ताईपुढे धरला. "ताई, दोन शब्द बोला."

"दोनात नाही भागायचं," ती म्हणाली.

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. फाटकावरची थप्पड, घरातलं ते वाक्य, जिममधला पहिला दिवस. बाबांनी मान खाली घातली. समोरची काही पोरं चुळबुळली; त्यांच्याही गालावर कुठली ना कुठली थप्पड ताजी असावी. मग ती फोनपाशी आली.

"आत माणूस आहे हे याला कळलं होतं. यानं सरांना विचारलं. सर म्हणाले, मागे फिरू नकोस. माझा भाऊ वीरबीर नव्हता. त्यानं जिवंत माणूस जाळला. आणि ज्यांनी जाळायला लावला ते इथे त्याच्या फोटोला हार घालून उभे आहेत."

"शत्रूनं पढवलंय हिला!" सर ओरडले. "बाहेर काढा!"

दोन दांडगे पोरगे पुढे आले. ताई जागची हलली नाही.

"लावा हात. तुमच्याच वीराच्या बहिणीला हात लावा, बघू दे सगळ्यांना."

दोघं थबकले. एकानं सरांकडे पाहिलं, दुसऱ्यानं फोटोकडे. वर्षभर ज्या नावाचा जयजयकार केला, त्याच नावानं त्यांचे हात बांधले होते.

मागच्या रांगेतून एक नळदुरुस्तीवाला उठला. "सर, तो फोन आला होता का?"

"ही वेळ आहे का विचारायची?"

"हो की नाही, एवढंच सांगा."

सर बोलले नाहीत. नळदुरुस्तीवाल्यानं क्षणभर वाट पाहिली, मग खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेला. त्याच्यामागे आणखी तिघे. बाकीचे बसून राहिले, हे खरं. एका सभेत कुणाचं जग पालटत नाही.

त्यानंतर तिच्या दुकानाची काच फुटली. गिऱ्हाईकं रोडावली. भिंतीवर कुणीतरी 'गद्दार' लिहून गेलं. तिनं ते पुसलं नाही, वरती दुकानाची वेळ लिहिली. बऱ्याच दिवसांनी एकदा जेवताना बाबा ताटाकडे बघतच म्हणाले, "मी विचारायला हवं होतं गं त्याला, कुणी मारलं म्हणून." पाण्याचा तांब्या तिनं त्यांच्याकडे सरकवला.

जिमचं दार तिला बंद झालं, पण रस्ता काही सरांच्या बापाचा नव्हता. दर रविवारी ती समोरच्या फुटपाथवर उभी राहायला लागली. नवं कुणी आत जाताना दिसलं की हाक मारून भावाची गोष्ट सांगायची. कुणी शिव्या घालायचे, कुणी थुंकायचे, कुणी मान फिरवून आत सटकायचे. एका रविवारी सर स्वतः रस्ता ओलांडून आले आणि हळूच म्हणाले, "बाई, जिवाची पर्वा नाही का?"

"आहे ना," ती मोठ्यानं, पलीकडच्या फुटपाथवरही ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणून तर उभी आहे."

तेवढ्यात जिमची पिशवी खांद्याला अडकवलेला एक तरुण दारापाशी घुटमळला. डोळे सुजलेले होते. तिनं सरांकडे पाठ केली आणि रस्ता ओलांडून सरळ त्याच्यापाशी गेली.